बंद घराचे वारस शोधताना सुरुवात लेकींपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावात जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर सात-आठ वर्षांपासून कुलूपबंद आहे. ग्रामपंचायतीत नाव वारलेल्या आजोबांचं आहे. गावात विचारलं तर 'पोट्टे पुन्याले रायतात' एवढंच कळतं. तुम्हाला ते घर विकत घेऊन दुरुस्त करायचं आहे. वारस शोधायचे कसे, आणि सापडल्यावर त्यांच्याशी बोलायचं कसं?

मी आर्वी, पुलगाव, धामणगाव या पट्ट्यात बावीस वर्षांपासून अशीच घरं घेतोय. म्हणून कागदांकडे वळण्याआधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तुम्हीही पहिल्या वेळी तीच कराल अशी मला भीती वाटते.

धंद्यात नवा होतो. तीन भावांनी घर विकायला काढलं. 'आम्ही तिघंच' असं ते म्हणाले, शेजाऱ्यांनी मान डोलावली, ग्रामपंचायतीच्या फेरफारात, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीतही, तीनच नावं होती. रजिस्ट्री झाली, कवेलू काढून टिन टाकलं, पुढची ओसरी नव्याने बांधली. चौदा महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. एक बहीण होती, लग्न होऊन मुलताईकडे गेलेली. तिचा नवरा वारल्यावर तिच्या मुलाने कागद पाहायला सुरुवात केली तेव्हा तिला घर विकल्याचं कळलं. चार वर्षं तारखा झाल्या आणि शेवटी त्या दिवसाच्या बाजारभावाने तिचा हिस्सा देऊन मी समझोता केला. ती बाई पूर्णपणे बरोबर होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यात मीही आलो.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. मुलगे स्वतःहून समोर येतात, त्यांना शोधावं लागत नाही. शोधावं लागतं ते लेकींना, आत्यांना, वारलेल्या लेकींच्या मुलांना. घर अडतं ते तिथे.

कायदाही तेच सांगतो. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही त्यात येतात. पुष्कळांना वाटतं की मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला. ते अर्धंच खरं आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी झाली, आणि ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण बापाच्या स्वतःच्या मिळकतीत आणि त्याच्या वाट्यात मुलीचा हिस्सा १९५६ पासूनच आहे. 'तिच्या लग्नात दिलं की सारं' हे वाक्य तुम्ही प्रत्येक गावात ऐकाल. लग्नातल्या खर्चाने हक्क संपत नाही. मुस्लिम कुटुंबात वाटे वेगळे पडतात, तिथे त्या कायद्याचा जाणकार वकील गाठा. लेक मात्र तिथेही वारस असतेच.

आता कागद. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पहिल्यांदा काढाल, काढाच. त्यात मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव असे वेगळे रकाने असतात. दोन्ही वाचा, कारण दुसऱ्या रकान्यात कधी कधी पुतण्या किंवा जावई निघतो. पण ही नोंद घरटॅक्ससाठी असते, तिने मालकी ठरत नाही. गावात ड्रोनने मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतली सनद किंवा मिळकत पत्रिका मिळेल. नगर भूमापन झालेल्या गावात आखीव पत्रिका मिळेल. तिथेही जपून, कारण मोजणीच्या चौकशीला जो हजर होता त्याचंच नाव लागलेलं मी पाहिलं आहे.

खरा धागा बहुतेक वेळा घराच्या कागदात सापडत नाही, शेताच्या कागदात सापडतो. खेड्यात ज्याचं घर, त्याचं थोडं तरी वावर असतं, निदान होतं. त्याच आजोबांच्या नावाचा जुना सातबारा शोधा आणि त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या. माणूस गेल्यावर घराच्या नोंदीला कोणी हात लावत नाही, पण पीककर्ज आणि अनुदान अडतं म्हणून शेतावर वारसांची नोंद करावीच लागते. त्या वारस फेरफारात विधवा, मुलगे, मुली, त्यांची वयं, कधी राहण्याचं गावसुद्धा लिहिलेलं असतं. पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल मिळते. नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' दिसलं तर थांबा. तो एक माणूस सगळ्या एकत्र कुटुंबाच्या वतीने लागलेला आहे, मागे भावंडं आहेत असा त्याचा अर्थ. 'अ.पा.क.' असेल तर त्या वेळी कोणीतरी अज्ञान (अल्पवयीन) होतं, आज ते चाळिशीत असेल आणि त्याची सही लागेल.

दुसरा धागा मतदार यादी. नव्या यादीत लेक सापडणार नाही, ती नवऱ्याच्या नावाने सासरच्या गावात गेलेली असते. जुनी यादी पाहा, जिच्यात ती लग्नाआधीची, बापाच्या नावापुढे, त्याच घर क्रमांकावर आहे. मला अशा दोन आत्या सापडल्या आहेत ज्यांचा उल्लेख घरातल्या कोणीच केला नव्हता.

तिसरा धागा आपल्या विदर्भातला, कोतवाल बुक. पूर्वी जन्म-मृत्यूच्या नोंदी गावचा कोतवाल ठेवायचा. अनेक नोंदींत बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी' एवढंच. पण एका बापाच्या नावावर चार वेळा 'मुलगी' आणि घरचे सांगतात दोनच, तर उरलेल्या दोघींचं काय झालं हे विचारावंच लागतं. त्या काळी लहानपणीच गेलेल्या मुलीही पुष्कळ, म्हणून मृत्यूच्या नोंदीही सोबत पाहायच्या. जात पडताळणीसाठी घरोघरी वंशावळ तयार असते, वारस ती मोठ्या विश्वासाने आणून देतात. ती घ्या, पण तिच्यावर थांबू नका. ती बापाच्या बाजूने वर चढते आणि लेकी-आत्या तिच्यात बहुधा नसतात.

कागद झाले की माणसं. आमच्या भागात लोक नोकरीला कुठे गेले याच्या ठरलेल्या वाटा आहेत: नागपूरच्या मिला, भिलाईचा कारखाना, जबलपूर आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणी, चंद्रपूर-वणीच्या खाणी, रेल्वेत बडनेरा आणि भुसावळ. पुढची पिढी पुण्याला, हैदराबादला. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला 'ते कुठं राहतात' विचारलं तर सांगता येत नाही, 'कशात लागले होते' विचारलं तर लगेच सांगतो. आणि सोयरिकी विदर्भाची हद्द मानत नाहीत. बैतुल, पांढुर्णा, छिंदवाडा, राजनांदगाव, आदिलाबाद, सगळीकडे आपल्या लेकी दिलेल्या आहेत.

गावात जाऊन 'या घराचे वारस कोण' असं कधी विचारू नका. वारस हा शब्द ऐकला की लोक भांडणाचा वास घेतात. मी दोनच प्रश्न विचारतो. पहिला, 'या घरच्या महालक्ष्म्या आता कोणाकडे बसतात?' मुखवटे ज्याच्याकडे गेले ती शाखा आजही घर धरून आहे, आणि भाद्रपदातल्या त्या तीन दिवसांत सगळे तिथे जमतात. दुसरा प्रश्न शेजारच्या आजीला, 'या घरच्या लेकी कुठं कुठं दिल्या?' पुरुषांना जावयांची गावं आठवत नाहीत, आजीला वरातीत कोण रुसलं होतं तेही आठवतं.

वीज बिल आणि घरटॅक्स कोण भरतं हे जरूर विचारा, किल्ली त्याच्याकडेच असते. पण कुठल्या कार्यालयातल्या ओळखीने कोणाचा फोन नंबर काढून घेऊ नका. तो माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो, 'माझा नंबर कोणी दिला?' आणि त्याचं सरळ उत्तर तुमच्याकडे नसेल तर पुढचं बोलणं संपलं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे शोध कुठे कुठे लपलेला असतो ते कळेल. पुलगावकडच्या एका गावात एका वारलेल्या आजोबांचं घर त्यांच्या चुलत नातवाने मला उघडून दाखवलं. सागवानी खांब उत्तम, भिंती मातीच्या, एका कोपऱ्यात पाणी उतरून भिंत पोटातून फुगलेली. वंशावळ माझ्या वहीत तयार होती, दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघांचीही गावं लिहिलेली. माजघरात फळीवर पितळेचा मोठा गुंड (पाण्याचं भांडं) होता, हिरवट काळा पडलेला. सहज बोटाने पुसला तर काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं निघालं. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर कोरतात तसं. नाव एका मुलीचं, पुढे बापाचं, तेच आजोबा. खाली लग्नाची तारीख, १९६८ सालची. माझ्या वहीत त्या नावाची मुलगी नव्हती.

नातू खरंच गोंधळला. त्याने आईला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, 'हाओ, मोठ्या आत्याबाई. वर्षभरातच माहेरी परत आल्या होत्या, मंग त्याहीनं दुसरं घर केलं. आबाजीनं नावच टाकलं त्याहीचं.' दुसरं लग्न केलं म्हणून घराने नाव टाकलं होतं, कायद्याने टाकलेलं नव्हतं. त्या आत्याबाई वरूडजवळ राहत होत्या, वय पंचाहत्तरीच्या पुढे. घरात पाय ठेवून त्यांना पन्नास वर्षं झाली होती.

त्यांना कसं गाठलं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे. मी गेलो नाही. आधी नातवाला सांगितलं की हे पत्र तुमच्या घरातून जायला हवं, परक्याकडून नको. त्याच्या आईने चार ओळी लिहिल्या आणि तो स्वतः घेऊन गेला. पंधरा दिवसांनी त्या बाईंच्या मुलाचा मला फोन आला. त्यांना पैशापेक्षा आधी एक विचारायचं होतं, विकायच्या आधी घर एकदा पाहता येईल का. आम्ही गाडी पाठवली. त्या आल्या, ओसरीवर बसल्या, परसातल्या विहिरीपर्यंत जाऊन आल्या. भावजयीने गुंड चिंचेने घासून ठेवला होता, तो त्या सोबत घेऊन गेल्या. सही पुढच्या महिन्यात झाली, त्यांचा चौथा हिस्सा चेकने, बाकी तिघांइतकाच.

पहिला संपर्क पत्रानेच करा, फोनने नाही. फोन आला की माणसाला त्याच क्षणी हो किंवा नाही म्हणावं लागतं, पत्र घरात फिरतं. एक पान, मराठीत, जमल्यास हाताने लिहिलेलं, पोहोच मिळेल अशा टपालाने. मी साधारण असं लिहितो:

'आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. आपल्या वडिलांचे अमुक गावचे घर मी बाहेरून पाहिले आहे. मी या भागात जुनी घरे विकत घेऊन दुरुस्त करतो. आपणा सर्व भावंडांची संमती असेल तरच ते विकत घेण्याची माझी इच्छा आहे. घरातील कोणाला ते स्वतःकडे ठेवायचे असेल तर तो विचार आधी व्हावा. हेच पत्र मी आपल्या दोन्ही भावांना आणि धाकट्या बहिणीला पाठवले आहे. आपला पत्ता आपल्या गावच्या शेजारणीकडून मिळाला. आपली इच्छा नसेल तर उत्तर देण्याची गरज नाही, मी पुन्हा त्रास देणार नाही.'

रक्कम पहिल्या पत्रात लिहू नका. पत्ता कुठून मिळाला ते मात्र लिहाच. आणि 'हेच पत्र सगळ्यांना' हे वाक्य काहीही झालं तरी गाळू नका. किल्ली असलेला भाऊ सुरुवातीला त्यावर नाराज होतो, त्याला वाटतं आपल्याशी बोललात तर पुरे. त्याला समोर बसून समजवा की बहिणीला उद्या दुसऱ्याकडून कळलं तर तिचा राग त्याच्यावर निघेल. दर सगळ्यांना एकच, लेखी. एकाला बाजूला घेऊन 'तुम्ही बाकीच्यांना तयार करा, तुमचं वेगळं पाहतो' असं बोलणारे दलाल आमच्या भागात आहेत. त्यांच्यामुळे भावाभावांचं बोलणं तुटलेली घरं मी पाहिली आहेत. तसं करायचं असेल तर माझ्याकडून काही शिकू नका.

वेळही पाहावी लागते. घरात माणूस गेला असेल तर वर्षश्राद्ध होईपर्यंत मी पत्र टाकत नाही. महालक्ष्म्यांना सगळे एकत्र सापडतात म्हणून त्याच दिवशी दारात जाऊ नका. सणाच्या पंक्तीत घर विकण्याचा विषय निघाला तर त्या घराला तो सण कायमचा कडू होतो. आणि घरात कोणी राहत असेल, विधवा काकी असो की परत आलेली लेक, तर ते घर मी यादीतून काढतो. वारस कितीही तयार असले तरी.

'एकाचा हिस्सा आधी घेऊन ठेवतो, बाकीचे मग येतील' हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. ऐकू नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्याने एकाचा हिस्सा घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. तो वाटणीच्या दाव्यात गेला तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली घरातलाच कोणी त्याचा हिस्सा विकत मागू शकतो. शिवाय उत्तराधिकार कायद्याचं कलम २२ सहवारसाला विकत घेण्याचा पहिला मान देतं. म्हणजे पैसे अडकतात आणि एका म्हाताऱ्या बहिणीला कोर्टाची पायरी चढावी लागते. एकजण नाही म्हणाला की मी सौदा सोडतो. माझा नंबर त्यांच्याकडे राहतो. तीन वर्षांनी त्यांनीच फोन केल्याचीही उदाहरणं आहेत.

अडचणीचे वारस थोडक्यात. परदेशात असलेल्याने तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावं आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. वारस अज्ञान असेल तर न्यायालयाच्या परवानगीचं वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सात वर्षं ठावठिकाणा नाही असा कोणी असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. 'तो काही येत नाही आता' हे भावाचं बोलणं पुरत नाही. हक्कसोडपत्र सहवारसांनी आपसात करायचं असतं. तुम्ही परके, तुम्हाला सगळ्यांच्या सह्यांचं खरेदीखतच हवं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, पण वारसांना आधी सांगून. इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, चेकनेच द्या, २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं आयकर कायद्याला चालत नाही.

इतकी मेहनत घेण्याआधी जागा कोणाची तेही पाहा. घर गावठाणाच्या आत आहे की ई-क्लास, नझूल अशा सरकारी जागेवर, की झुडपी जंगलाच्या नोंदीत? झुडपी जंगल हे वनच, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला सांगितलं आहे. अशा जागेवर वारस प्रेमाने सही देतील, पण द्यायला त्यांच्याकडे जमीनच नसेल. आणि जागा आदिवासी कुटुंबाची असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय बोलणीसुद्धा सुरू करू नका.

आता तुमचं घर. उद्या पुण्याचा नंबर शोधत बसू नका. आधी त्या आजोबांच्या नावाने त्याच गावात आणि शेजारच्या दोन शिवारांत सातबारा निघतो का पाहा, त्यावरचा वारस फेरफार काढा. जुन्या मतदार यादीतला तो घर क्रमांक पूर्ण वाचा, वर-खालच्या घरांसकट, कारण चुलते शेजारीच असतात. मग एका दुपारी, शेतातली घाई नसताना, शेजारच्या आजीकडे जाऊन बसा. मोठा कागद न्या, वंशावळ तिच्यासमोरच लिहा आणि प्रत्येक लेकीचं नाव लिहिल्यावर तिला मोठ्याने वाचून दाखवा. एखादं राहिलं असेल तर ती तिथेच थांबवेल.